रजा देण्यात येत आहे

मोठ्या बाईंच्या चिरंजिवांनी कार्यालयीन लेखनाचं कसलंसं शिबिर केलं आणि तेव्हापासून लाँड्रीतल्या माणसांची डोकी फिरायची वेळ आली. शिबिरात त्यांना एक नमुना पत्र मिळालं होतं. गिऱ्हाइकाला लिहायचं, गोड, आदबशीर, आणि खाली "आपल्या आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत". पत्र चांगलंच होतं, त्यात वाद नाही. पण एक सदरा छान बेतला म्हणून तोच बापाला, लेकाला आणि खुर्चीला घालायचा नसतो, हे काही तिथे कुणी शिकवलेलं दिसलं नाही. साबणवाल्याला तेच पत्र, मशीन दुरुस्त करणाऱ्याला तेच. संडासाच्या दारावर "वापरानंतर पाणी टाकण्यात यावे" आणि खाली आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

बाईंचं मत असं, की लिहिणं म्हणजे बोलणंच, फक्त शाई लागते. नवरा गेल्यावर अख्खी लाँड्री त्यांनी तोंडाच्या जोरावर चालवली होती. बॉयलरसुद्धा त्यांना घाबरून वेळेवर तापतो, असं माणसं म्हणत. कागदाला त्या हात लावत नसत; लागलाच तर शिक्का मारत. अक्षर येत होतं, पण ते चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं, आणि जे दाखवण्यासारखं नाही ते बाई दाखवत नसत.

घोटाळा झाला तो इस्त्रीकाकांच्या सुट्टीवरून. काका म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे जुने सोबती, लाँड्रीत पहिलं टेबल मांडलं तेव्हापासूनचे. बाई त्यांना भावजी म्हणत, ते बाईंना वहिनी. हॉटेलाच्या चुण्याचुण्यांच्या पडद्यांना इस्त्री करावी तर त्यांनीच. बाकीच्यांच्या हाताखालून चुणी पळते. त्यांची लेक परगावाहून राहायला यायची होती, म्हणून त्यांना आठवडाभर सुट्टी हवी होती. पूर्वी "वहिनी, उद्यापासून मी नाही" एवढ्यावर भागायचं, आणि बाई म्हणायच्या, जा, पण तिकडेच मुक्काम ठोकू नका. आता चिरंजिवांनी अर्ज लिहून घेतला आणि उत्तर हातात ठेवलं: "आपला अर्ज मिळाला. आपणांस उद्यापासून रजा देण्यात येत आहे. आपल्या आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

काकांनी ते वाचलं, परत वाचलं. इस्त्रीची वायर गुंडाळली, पाणी शिंपडायची बाटली पालथी घातली आणि कुणाशी न बोलता गेले.

आठवडा उलटला तरी आले नाहीत. टेबलाखाली पडद्यांचे गठ्ठे साठले. बाईंना वाटलं, लेकीत रमले असतील. मग गाडीवाल्याने कपडे पोचवता पोचवता बातमी आणली. काका म्हणतात, मला रजा दिली. या वयात रजाच द्यायची होती तर वहिनींनी तोंडावर द्यायची. कागदाने काढलंत, आता काय सांगायचं ते कागदावरच सांगा.

बाईंनी पत्राची नक्कल मागवली, सुनेकडून मोठ्याने वाचून घेतली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, हाकललंस तू त्यांना."

"आई, रजा म्हणजे सुट्टी," चिरंजीव म्हणाले.

"रजा घेतली तर सुट्टी. रजा दिली म्हणजे चालते व्हा. आणि आजवरच्या म्हणजे? उद्यापासूनचं सहकार्य कुठे गेलं?"

"ते शेवटी असतंच. सगळ्याच पत्रांत असतं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. इस्त्री करणारी दुसरी माणसं मिळतील, पण भावजी असे मनात अढी धरून घरी बसले तर त्यांना जेवण गोड लागलं नसतं. हे अर्थातच त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

चिरंजिवांनी तातडीने नवा मजकूर केला. सदर पत्राचा आपण चुकीचा अर्थ लावला असून याबाबत खुलासा करावा, असा. तक्रारीच्या पत्राचा साचा असाच असतो, म्हणाले. तो कागद बाईंनी उभा फाडला, मग आडवा फाडला. सुनेला म्हणाल्या, घे पेन, मी सांगते तसं लिही.

"भावजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? हाकललं म्हणून कुणी सांगितलं? तुम्ही घरी लोळताय आणि इथे पडदे कुजताहेत. थोडी लाज असेल तर उद्याच्या उद्या या."

सुनेने ते कपड्यांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात तसं सपाट आवाजात वाचून दाखवलं.

"हे मी म्हणाले?"

"शब्दन् शब्द."

"असं नव्हतं म्हटलं मी."

"अहो आई, तुम्ही बोलता तेव्हा त्यांना तुमचा चेहरा दिसतो. इथे नुसतं बोलणंच उरलंय."

मग सुनेने आपल्या मनाने लिहिलं. आपली उणीव क्षणोक्षणी भासते, आपल्या आठवणी या टेबलाशी निगडित आहेत, वगैरे. बाईंनी निम्म्यावरच हात वर केला. जिवंत माणसाला श्रद्धांजली कशाला वाहतेस, म्हणाल्या. तिघांनी मिळून एका माणसाला परत बोलवायचं, तर एक नोटीस काढतो, एक शिव्या घालते, एक हार चढवते. बाईंचा संताप इतका झाला की त्यांनी दोघांनाही खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ आतून खुर्ची करकरल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा बोटाला शाई होती आणि कागदावर वेड्यावाकड्या अक्षरांत चार ओळी: "भावजी, तुम्हाला काढलं नाही. काढनार पण नाही. मुलाला लिहीता येत नाही, मला पण येत नाही. या. वहिनी."

सून म्हणाली, एक दोन ठिकाणी सुधारून देते. बाईंनी कागद ओढून घेतला. चिरंजीव म्हणाले, जावक क्रमांक राहिला. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि क्रमांक राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलाशी उभे होते. बाईंनी वाटेत ठरवून ठेवलं होतं, आज चार शब्द नीट बोलायचे. तोंडातून आलं ते वेगळंच.

"आलात? लेक कंटाळली वाटतं तुम्हाला."

"कंटाळलीच होती." काकांनी बाटली नळाखाली धरली. "वहिनी, 'यावे' असतं ना, तर नसतो आलो. 'या' होतं."

"अक्षर लागलं का तुम्हाला?" बाईंनी दुसरीकडे बघत विचारलं.

"मला नाही लागलं. लेकीने लावलं. खालचं 'वहिनी' तेवढं माझं मला लागलं."

त्यांनी पहिला पडदा झटकला. तो लांबलचक होता, एका माणसाला आवरणारा नव्हता. बाईंनी दुसरं टोक धरलं, आणि बाटलीत पाणी किती जास्त भरलंय यावरून बोलायला सुरुवात केली, ती दुपारपर्यंत थांबली नाही.