जिथं फेस नव्हता

आमच्या घरातल्या पुरुषांनी चार पिढ्या संत बार्तोलोमेऊच्या दिवशी लोकांची पोरं समुद्रात बुडवून काढली. लाटा विषम घ्यायच्या, तीन नाहीतर पाच. मग पोराची भीती जाते, अडखळती जीभ सुटते. शाळेत मी दोन हिवाळे गेले असेन, पण समुद्र मला कुणी शिकवू नये, असं मी लोकांना तोंडावर सांगायची.

त्या वर्षी सणालाच किनाऱ्यावर लाल बावटा लागला, म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. माझा लेक अदेलिनो म्हणाला, "आई, आज नको. उद्या करू."

"संत काय तुझा मेहुणा आहे, उद्या ये म्हणायला? बायका तीन तीन गावांवरून पोरं घेऊन आल्यात. तुझ्या आजोबांनी याहून वाईट पाण्यात बुडवलीत."

त्याची पोर तेल्मा फळी काखेत मारून उभी होती. लाटांवर उभं राहायचं खूळ तिला. त्या फळीला मी इस्त्रीचं टेबल म्हणायची.

"आजी, बावटा शोभेला नाही लावलेला."

"तू जा, तुझे कपडे इस्त्री कर."

जागाही मीच दाखवली. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा शांत, फेस नाही की उसळी नाही. "तिथं जा," मी म्हणाले. "तिथलं पाणी गरीब आहे."

"अगं, तिथूनच तर पाणी बाहेर जातंय!" तेल्मा ओरडली. "खोल आहे म्हणून लाट फुटत नाही तिथं!"

मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पहिलं पोर आमच्या शेजारच्या सेलेस्तेचं, चार वर्षांचा दुआर्ते. अदेलिनोनं त्याला दोन लाटा दिल्या आणि मागं फिरला. पाणी त्याच्या कमरेच्या वर चढलं होतं. "पुरे, आई!"

"दोनावर सोडतात का रे? जन्माचं भित्रं करशील त्याला!"

तो परत आत वळला.

तिसरी लाट ओसरली, तेव्हा माझा लेक उभा होता तिथं नुसतं पाणी. मग दोघं दिसले, वीस हात आत. मग चाळीस. पोराला त्यानं डोक्यावर धरलं होतं.

जीवरक्षक पार दुसऱ्या टोकाला, लोकांना बाहेर काढत होता. तेल्मा फळीवर पालथी पडून त्याच शांत पट्ट्यातून गेली, ओढीनंच तिला नेलं. अदेलिनोनं पोर फळीवर टाकलं. स्वतः धरणार, तेवढ्यात लाटेनं फळी लांब फेकली.

"बाबा, आडवे पोहा! किनाऱ्याकडे येऊ नका! नाहीतर नुसते तरंगा!" तिचा आवाज इथवर येत होता.

आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होते. "इकडे, अदेलिनो! सरळ माझ्याकडे ये!"

पन्नाशीचा माणूस, पण जन्मभर माझंच ऐकलेला. सरळ माझ्याकडे पोहत राहिला. जेवढा पुढं येई, तेवढं पाणी त्याला मागं नेई. तोंड दिसत होतं मला. मग हात जड पडले. मग दिसेनासा झाला.

तेल्मा आडवी जाऊन खडकांपलीकडं लाटांबरोबर बाहेर आली. दुआर्ते खोकत होता, जिवंत होता. अदेलिनोला जीवरक्षकानं अर्ध्या तासानं ओढून आणलं. छाती दाबून दाबून बिचारा थकला.

संध्याकाळी बंदराच्या अधिकाऱ्यानं कागद काढला. बायका माझी कीव करत होत्या. "स्वतःहूनच गेला साहेब, ऐनवेळी बिथरला," सेलेस्ते म्हणाली, माझ्याकडे न बघता. तेल्मा ओल्या अंगानं भिंतीला टेकून उभी होती.

अधिकारी पुटपुटत लिहू लागला, "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे..."

"खोडा ते."

"देओलिंदाबाई, तुम्ही घरी जा. जरा पडा."

"माझा लेक निष्काळजी नव्हता. तो नको म्हणत होता. लिहा, लाल बावटा असताना आईनं पाठवला. जागा आईनं दाखवली. परत यायची वाटही आईनंच चुकवली."

त्यानं लिहिलं. तेल्मानं कागद ओढून घेतला, शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे," म्हणाली, आणि मला मागं ठेवून निघून गेली.