‘बढाईखोर’ या शब्दाचे उदाहरण

शब्दकोशातले उदाहरण रचलेले नसावे, जिवंत माणसाच्या तोंडचे असावे, हा वेणीमाधवांचा दंडक होता. निवृत्तीनंतर नाशकात बसून त्यांनी सिद्ध केलेल्या कोशाची वाखाणणी झाली ती त्यावरच. ‘बढाईखोर’ या शब्दाचा अर्थ त्यांनी दिला, ‘स्वतःची थोरवी वाढवून सांगणारा’. आणि पुढे वाक्य: ‘पिंपळगावची द्राक्षे साहेबाच्या देशात प्रथम मीच पोचवली, असे तो बढाईखोर भेटेल त्याला ऐकवी.’

नाव छापले नव्हते. गरजही नव्हती. धाकट्या बहिणीचे, सुधाचे, यजमान श्रीहरीपंत दर भाऊबिजेला पानावर बसले की हेच वाक्य हात उंचावून म्हणत. साऱ्या गोतावळ्याला ते तोंडपाठ होते.

कोश पिंपळगावला पोचला तेव्हा त्यांच्या लेकीने, तेजलने, मामाचे कौतुक म्हणून चारचौघांत पाने चाळली आणि नेमके ते वाक्य मोठ्याने वाचले. आधी हशा पिकला. मग कोणी कोणाकडे पाहीना. हे सुधानेच फोनवर सांगितले आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

यंदाच्या भाऊबिजेला वेणीमाधव तरीही गेले. ओवाळणी झाली, पाने मांडली गेली. श्रीहरीपंत मान खाली घालून भात कालवत होते. एका अनुस्वारासाठी दहा पोथ्या ताडून पाहणाऱ्या वेणीमाधवांना तेव्हा आठवले, की द्राक्षांची ती हकीकत खरी की खोटी, हे त्यांनी कधी कोणाला विचारलेदेखील नव्हते. माणसाला बढाईखोर ठरवायला पुरावा लागत नाही, विद्वत्ता पुरते.

“भावोजी, ती द्राक्षांची गोष्ट होऊ द्या की.”

“कसली गोष्ट, दादा.”

“त्यांचा घसा बसलाय,” सुधा म्हणाली. “तुझं पुस्तक आल्यापासून. वरण घे.”

मग वेणीमाधवांनी स्वतःच सांगायला घेतले. पेट्या कशा भरल्या, गोदीवरच्या साहेबाने घड उजेडाकडे धरून कसे तोंडात बोट घातले. कधी न ऐकलेलेही त्यांनी बेलाशक जोडले. तेजल घास हातात धरून ऐकत राहिली.

श्रीहरीपंतांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“एवढं काही नव्हतं हो,” ते म्हणाले. “चार पेट्या होत्या. त्याही दुसऱ्यांच्या मालात.”

वाढता वाढता सुधाचा हात थांबला. स्वतःविषयी कमी करून बोललेले त्यांचे वाक्य या घराने प्रथमच ऐकले होते. ते तरी खरे का, हे विचारण्याचे धैर्य वेणीमाधवांना झाले नाही.