फरशीखालचा आवाज

नळ जोडणारा वीरभद्रप्पा घरी आला की शकुबाई त्याच्या चहात तीन चमचे साखर घालायची. नवऱ्याच्या चहात दोन. आप्पाराव हे गेल्या संक्रांतीपासून मोजत होता. डॉक्टरनं ज्याची साखर कमी केलीय त्यानं दुसऱ्याचे चमचे मोजू नयेत, हे त्याला कोण सांगणार?

आज पाणी सहा दिवसांनी सुटलं होतं. सकाळी टाकी काठोकाठ भरली आणि अकरापर्यंत अर्ध्यावर आली. नळ सगळे बंद. उद्या पल्लवीच्या, म्हणजे लेकीच्या, बाळाचं बारसं. पन्नास पानं उठायची होती.

"वीरभद्रप्पा अण्णाला बोलवा की," शकुबाई म्हणाली. "त्येला नुसत्या कानानं गळती सापडती."

"मला काय कान न्हाईत व्हय?"

"हायत की. पर मी हाक मारल्यावर कुटं जात्यात?"

वीरभद्रप्पा सागाची काठी घेऊन आला आणि आधी निवांत चहा घेत बसला. शेजारच्या गिरणीची घरघर थांबल्याशिवाय त्याला काम करता येत नसे. बाराला करंट गेला, गिरणी गप्प झाली. मग तो एकेका शहाबादी फरशीवर काठी टेकवून वरच्या टोकाला कान लावत गेला. न्हाणीजवळच्या तिसऱ्या फरशीवर थांबला.

"अक्का, ऐक."

शकुबाईनं वाकून ऐकलं आणि पदर सावरत बाजूला झाली.

"आता तुमी ऐका, आप्पाराव," वीरभद्रप्पा म्हणाला.

आप्पारावानं कान लावला. आत सूंऽऽ चाललं होतं, अगदी स्वच्छ. त्यानं मान वर केली, तर बायको वीरभद्रप्पाकडं कौतुकानं बघायली होती. असं कौतुक त्याच्या वाट्याला बोअरला पाणी लागलं त्या साली आलं होतं, एकदाच.

"काय बी ऐकू येईना," तो म्हणाला. "फुकट फरशी फोडायची कामून?"

"मग माझाच कान म्हातारा झाला म्हणायचा," म्हणत वीरभद्रप्पा काठी घेऊन निघाला. दुसरा कप अर्धाच राहिला.

तो कोपऱ्यावर वळतोय न वळतोय तोच आप्पारावानं पहार काढली. न्हाणीजवळची तिसरी फरशी. दोन घावांत निघाली. खाली चिखल आणि सांध्यातून उसळणारं पाणी.

"बघ! सापडली का न्हाई मला?"

शकुबाईनं आधी टाकीचा कॉक बंद केला.

"मला बी ऐकू आलंतं," ती म्हणाली. "तुमच्या आदी."

आप्पारावानं पहार भिंतीला टेकवली.

"जावा, अण्णाला घिऊन या. सांधा कोण जोडणार, तुमचे कान? आन् काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगायचं."

चिखलाच्या पायांनी तो उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं अडला.

"चहा परत करणार काय?"

"करायलेय की."

"किती चमचे?"

"त्येला तीन. तुमाला आज बिनसाखरेचा."