आरशातलं चिंचगेरी

"मामा, आधी हिकडं या! चष्मा ऱ्हाऊ द्या, तसंच या!"

सुनेच्या हाकेनं शिवप्पा दचकले. हातातलं पान तसंच ठेवून, भिंत चाचपत ते आतल्या खोलीत आले. काशम्मा भिंतीला पाठ करून बसली होती. मांडीवर पोर, हातात आरसा. आरशातल्या पोरीला बघून पोर खिदळत होती. काशम्माची नजर मात्र आरशात भलतीकडेच खिळली होती.

"काय झालं गं यव्वा? पोरगी पडली का काय?"

"पोरगी बरी हाय. आरशात बघा. माझ्या मागची तसबीर बघा."

ती तसबीर म्हणजे शिवप्पांच्या जिवाला लागलेला घोर. त्यांची हयात सोलापूरच्या टपालात गेली. थैली खांद्यावर टाकून माळामाळावरची गावं त्यांनी पायाखाली घातलेली. बदली होऊन निघालेल्या एका साहेबानं जाता जाता त्यांना ती दिली होती. कंपनी सरकारच्या काळात कुणा गोऱ्या चिताऱ्यानं रंगवलेल्या देखाव्याचा तो कागदावरचा जुना छाप. देऊळ, शेजारी दीपमाळ, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि पाठीमागं मधेच खांड पडून तुटल्यासारखा दिसणारा माळ. खाली इंग्रजीत एवढंच, की सोलापूरजवळचं एक देऊळ.

"जवळ म्हंजी कुटं? ह्या मुलखात एक घर मला चुकलं न्हाय, आन् आक्खं देऊळ घावंना!" असं म्हणत शिवप्पांनी सुट्टीच्या दिवसांत सगळा मुलूख चाळून काढला. लोक हसायचे, शिवप्पा बिनपत्त्याचं टपाल वाटत हिंडतोय म्हणायचे. आता तर डोळ्यांवर पडदा उतरत चालला होता. एक डोळा विझलाच होता. दुसऱ्याला माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसत. तो मिटायच्या आत एकदा त्या जागी उभं राहायचं, एवढीच त्यांची आस होती.

"चिंचगेरी हाय हे," काशम्मा हळूच म्हणाली. "माझं माहेर. आमचा घाट."

"खुळी का काय? तुला बघाया आलो तवाच मी बघितलं की. देऊळ असंच हाय, पर तितं दीपमाळ उजव्या अंगाला. तसबिरीत डाव्या. माळाचा उतार बी उलटा. तुझा बाप म्हनला बी, पाव्हणं, पोरगी बघाया आलाय का देऊळ?"

"आन् आरशात कुटल्या अंगाला हाय?"

शिवप्पांनी तसबिरीकडं पाठ करून आरसा नाकाशी नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला. मग त्यांची मूठ आपोआप वळली आणि हवेतच थबकली.

"शिक्का!" ते ओरडले. "जलमभर शिक्के मारले की गं मी! शिक्क्यावर अक्षर उलटं, तवा कागदावर सुलटं. ह्या छापणाऱ्या लेकाच्यानं ठशावर चित्र सुलटंच कोरलं, आन् कागदावर आक्खं गाव फिरलं! आन् माझ्या ध्यानात न्हाय आलं. माझ्या!"

ते हसत सुटले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागले.

काशम्माला मात्र हसू येईना. नवी नवरी होऊन ती या घरात आली तेव्हा ह्याच तसबिरीसमोर तिला उगीच रडू फुटायचं. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. डोळ्यांना न पटलेली ओळख जिवाला तेव्हाच पटली होती की काय? तिनं पोरीला घट्ट धरलं.

पुढच्या सुट्टीला तिच्या नवऱ्यानं, सिदूनं, शेजाऱ्याचा छकडा मागून आणला. चौकटीतून काढलेला छाप धोतराच्या फडक्यात गुंडाळून शिवप्पा मांडीवर घेऊन बसले. चिंचगेरीला पोचेस्तोवर ऊन कलतीला आलं होतं. घाटासमोरच्या काठावर, चिंचेखाली, काशम्मानं त्यांना हाताला धरून नेलं.

लहानपणी ती इथंच चिंचा वेचायची. आज तिथं पाय ठेवताना तिला देवळात शिरल्यासारखं वाटलं. चित्राच्या कोपऱ्यात हातभर उंचीचं चिंचेचं रोप होतं. त्याच्याच सावलीत आता ते उभे होते. दीपमाळेला मधोमध गेलेली चीर चित्रात होती, ती समोरही होती. पायऱ्यांवरून बाया घागरी घेऊन उतरत होत्या, जणू चिताऱ्यानं कुंचला अजून खाली ठेवलाच नव्हता. कुठला कोण परका माणूस, ह्याच जागी बसून तिच्या गावाकडं एवढ्या मायेनं बघत राहिला होता.

"दिसतंय का, मामा?"

शिवप्पांनी कपाळावर हात आडवा धरला.

"उजेड दिसतोय," ते म्हणाले. "तू सांग की."

काशम्मा सांगत गेली. दीपमाळ, तिची चीर, माळाची खांड, शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली म्हातारी. शिवप्पा प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होते. मग त्यांनी छाप हातात घेतला, पाठीकडून फिरवला आणि कलत्या उन्हासमोर डोळ्याला अगदी भिडवून धरला. कागद उजळला. आत गाव सुलटं उभं राहिलं.

"पोचलं," ते एवढंच म्हणाले.

चिंचेखालच्या सपाट धोंड्यावर ते टेकले. छाप मांडीवर नीट पसरला. उजव्या हाताची मूठ वळली, वर गेली, आणि त्यांनी ती कागदाच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवली.