आसरांचं गारघर

मे महिन्यात दुपारी एक वाजता नागभीडकडची माणसं घराबाहेर पडत नाहीत. कुत्रीसुद्धा नालीतल्या चिखलात अंग टाकून असतात. पण १९९८च्या त्या मे महिन्यात दर शुक्रवारी पाच गावांचे लोक डोक्यावर दुपट्टे टाकून आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमत, ते एका बाईला आंधळी होताना पाहायला. आधी आंधळी-पांगळी, मग डोळस आणि धडधाकट. एका दुपारी दोन खेळ, आणि वर पुण्य.

बाईचं नाव ताराबाई. ढिवराची, मासे धरणारी, वय तिशीचं. दोन वर्षांपासून तिचे पाय मधेच सुटत आणि डोळ्यांपुढे धुकं येई. हिवाळ्यात बरी असे, उन्हाळ्यात बेजार. गळ्याइतक्या पाण्यात उतरली की पुरुषाच्या बरोबरीने जाळं ओढायची, आणि घरी येऊन चूल पेटवली की चुलीपुढेच कोसळायची. गावाने याचा अर्थ लावायला दोन दिवसही घेतले नाहीत. पाण्यात पाय आहेत, जमिनीवर नाहीत, म्हणजे तलावातल्या सात आसरांनी बाई धरली. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्या सात बहिणी तिला वर येऊ देत नाहीत, असं ठरलं. तिचा नवरा इस्तारी उघड सांगत फिरे, "हा उन्हाळा पाहतो. चालली तं चालली, नाई तं माहेरी सोडून देतो न दुसरी आनतो."

अशा वेळी महाराज उगवले नाहीत तरच नवल. हे लटारू महाराज. कपाळभर शेंदूर, गळ्यात शिंपल्यांची माळ, आणि तोंड एक क्षण बंद नाही.

"ही माय जमिनीची नाई, पान्याची आहे," ते धुनीपुढे उभे राहून सांगत. "मी सातही बहिनींसंग बोलून राह्यलो. मोठी म्हनते, सोडतो. मधली म्हनते, पाहतो. धाकटीच लय जिद्दी आहे. मांगच्या शुक्रवारी मले टेबल फॅन मांगे."

लोकांनी टेबल फॅन आणून दिला. पाण्यातल्या देवीला तो कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही.

मग ताराबाईला धुनीपाशी बसवत. मोहाची लाकडं धडधडत, वरून ऊन. तिचा चेहरा लाल होई, मान खाली येई. "दोन मिंट, माय, बस दोन मिंट," महाराज म्हणत आणि लाकूड सारत. थोड्या वेळाने ती हात पुढे करून चाचपडू लागे. "दिसत नाई," ती म्हणे, आणि गर्दी हात जोडे. पाय तर केव्हाच गेलेले असत. मग तिला उचलून पळसाच्या पानांच्या खोपटीत नेत. या खोपटीचं नाव गारघर. आत ती आणि आसरा, बाहेर तासभर भजन. तासाने पडदा सरे आणि ताराबाई आपल्या पायांनी चालत बाहेर येई.

मी गावच्या शाळेचा मास्तर. मला देव दिसत नाही आणि लबाडी मात्र चटकन दिसते, त्यामुळे गावात मी फारसा कुणाला आवडत नाही. इस्तारीच्या घरी गेलो. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातला कागद त्याने छपराच्या बांबूत खोचून ठेवला होता. तो घेऊन नागभीडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"मल्टिपल स्क्लेरोसिस," त्या म्हणाल्या. "नसा म्हणजे वायरी समजा, गुरुजी. हिच्या वायरींवरचं प्लास्टिक जागोजागी सोललंय. अंग तापलं की करंट पुढे जात नाही. डोळ्यांची वायर असेल तर दिसत नाही, पायांची असेल तर पाय सुटतात. अंग गार झालं की करंट परत जातो. आजार मात्र तिथेच राहतो." मग त्यांनी धुनीचं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "त्या माणसाला माझ्याकडे पाठवा. मी त्याला धुनीवर बसवते."

पुढच्या शुक्रवारी भजन रंगात असताना मी मागच्या बाजूने गारघरात शिरलो. बाजेखाली लाकडाचा भुसा होता, भुशात बारदान्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या होत्या. ताराबाई बाजेवरून उतरून त्या बारदान्यावर गाल टेकून पडली होती. तिने डोळे उघडून मला पाहिलं.

"थोडं थांबा न, गुरुजी," ती म्हणाली.

मी थांबलो नाही. लबाडी हातात सापडली होती, आता कसला थांबतो. लादी ओढत बाहेर आणली आणि भजनाच्या मधोमध ठेवली.

"हा घ्या तुमचा चमत्कार," मी ओरडलो. "मी विचारून आलोय, हे महाराज मूल गावच्या बाजारात बर्फगोळ्याची गाडी लावायचे. भुशात बर्फ कसा टिकवायचा, हे त्यांना आसरांनी शिकवलेलं नाही. आणि बर्फ देतो हा मुखरू, जो मच्छीमार सोसायटीची मासोळी पेटीत भरून नागपूरला पाठवतो. विचारा त्याला."

मुखरू जमिनीकडे पाहू लागला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, लादीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "आसराचा बर्फ आहे बापा. परसाद आहे."

"घ्या माय, घ्या," लटारू महाराज लगेच म्हणाले. "धाकटीनंच धाडला."

मग काय विचारता. लोक लादीवर तुटून पडले. कुणी दगडाने फोडतंय, कुणी पदरात बांधतंय, कुणी चाटतंय. आतली दुसरी लादीही बाहेर आली. माझं डोकं फिरलं. इस्तारीला म्हटलं, आण तिला बाहेर. धुनी नको, मंत्र नको, नुसतं ऊन पुरे आहे.

ती चालत आली. मी तिला पाळीवर, तापलेल्या मुरुमावर बसवलं आणि लोकांकडे तोंड केलं. वायरींचं सगळं समजावून सांगितलं. चांगलं बोललो मी, खोटं कशाला सांगू.

"गुरुजी, धुकं आलं," मागून ताराबाई म्हणाली.

"दोन मिनिटं, ताराबाई. बस दोन मिनिटं."

मला लोकांना पूर्ण दाखवायचं होतं. उठ म्हटलं तेव्हा ती उठायला गेली आणि तोंडावर पडली. ओठ फुटला. "पाहिलं?" मी म्हणालो. "महाराज नाहीत, आसरा नाहीत, फक्त ऊन. आता हिला बर्फ लावतो, ही उठेल." बर्फ घ्यायला वळलो. लोक बोटं चाटत होते. तुकडासुद्धा उरला नव्हता.

"आता उठवा, मास्तर," लटारू महाराज हसून म्हणाले.

बाई माझ्यामुळे पडली होती. शाळेच्या विहिरीकडे धावलो. बकेटी भरभरून आणल्या, दुपट्टा भिजवून तिच्या मानेवर टाकला, कडुनिंबाखाली तिला निजवलं, पाय गंजभर, म्हणजे पातेलंभर, पाण्यात सोडले. मदतीला एकटी ती म्हातारी आली. बाकीचे फुटाणे खात बसले. अर्ध्या तासाने ताराबाईच्या पायाची बोटं हलली. ते पाहून महाराज लघवीला म्हणून जे पाळीमागे गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. टेबल फॅन मात्र घेऊन गेले.

तासाने ती उठली. मी बोटं दाखवली, तिने तीन म्हणून बरोबर सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीचं साधं पाणी, ना मंत्र ना शेंदूर. याहून स्वच्छ पुरावा कोणता असतो?

मग इस्तारी उभा राहिला. "म्हंजे विहिरीच्या पान्यानं होते?" तो बायकोला म्हणाला. "घरी काय पानी नोयतं? दोन वर्षं तू नाटक करून राह्यली काय?"

आणि गर्दीने माना हलवल्या. शुक्रवारपर्यंत तिला देवीने धरलं होतं. शुक्रवारपासून ती कामचुकार होती. हे काम माझ्या पुराव्याने केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुखरूकडे गेलो. उन्हाळा निघेपर्यंत रोज एक तुकडा ताराबाईला दे, म्हटलं. तो पेटीत बर्फ भरत होता.

"नाई जमत, गुरुजी. बर्फ मासोळीसाठी आहे."

"महाराजाला लाद्याच्या लाद्या देत होतास."

"ते देवाचं काम होतं. बाईले कोन बर्फ देते?"

तिच्या घरी गेलो तर ती चुलीपुढे होती. नाटक बंद म्हणून इस्तारीने स्वयंपाकाला लावली होती. भाकर तव्यावर टाकताना तिचा हात तव्याच्या कडेला लागला, तिला दिसलंच नव्हतं. मी तिला बाहेर सावलीत आणलं.

"मले पहिल्याच शुक्रवारी समजलं होतं, जी," ती म्हणाली. "खाली बर्फ आहे, हे पाठीले नाई समजत काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? धुनीपाशी जीव जाये. पन मंग तासभर गार भेटे. साऱ्या गावात मले तेवढीच एक जागा होती."

मी म्हणालो, निदान फसवणूक तर थांबली. धुनी तर थांबली. ती माझ्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिली.

"दोन मिंट म्हने तो," ती म्हणाली. "तुमीबी दोनच मिनिटं म्हनले."



म्हणून भाषण न ठोकता सांगतो. तुमच्या गावात अशी बाई असेल, असा माणूस असेल, तर त्याला भगत नको. ऊन चढायच्या आत सावली द्या. मानेवर ओलं फडकं ठेवा, चुलीपासून उठवा, पाणी पाजा, दवाखान्याचा कागद छपरात न खोचता डॉक्टरला दाखवा. पाय चालले नाहीत म्हणून भूत म्हणू नका, आणि चालले म्हणून खोटारडी म्हणू नका. देवीसाठी जो बर्फ निघतो, तो बाईसाठी निघतो का, हे एकदा स्वतःला विचारा. आणि लोकांपुढे काही सिद्ध करायचंच असेल, तर आधी तिला विचारा. मी विचारलं नव्हतं.