बिनविषाचं घर

जयलक्ष्मीपुरमच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या घरी मुंग्या यायच्या, सुब्बरावांच्या घरी यायच्या नाहीत. सुमा लग्न होऊन दावणगेरेहून आली तेव्हा शेजारच्या जानकीबाईंनी तिला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "सासू कडक आहे तुझी. पण तिच्या स्वयंपाकघरात झुरळ शोधून दाखव."

ते खरं होतं. अन्नपूर्णाबाईंचं वर्ष वेगळंच चालायचं. युगादीच्या आधीच्या उन्हात तांदूळ, नाचणी, डाळी गच्चीवर पसरायच्या, पूर्ण निवल्या की डब्यांत भरून वर सुक्या मिरच्या आणि वाळलेला कडुनिंब घालायचा. पावसाळा तोंडावर आला की घराला बाहेरून फेरी मारायची. नळाचा पाइप भिंतीतून आत येतो तिथली फट, उंबऱ्याखालची भेग, सगळं सिमेंटने लिंपून घ्यायचं, कुंड्यांखालच्या बशा उपड्या करायच्या. पावसात चौकटींवर बोटांनी टकटक करत जायचं, कारण आवाज पोकळ आला तर आत वाळवी आहे. दसऱ्याला गोंबे मांडायला बाहुल्यांच्या पेट्या उघडल्या की त्यातले वेखंडाचे तुकडे बदलायचे. थंडीत उंदीर ऊब शोधत आत येतात, म्हणून मोरीच्या जाळ्या बघायच्या आणि भिंतीला टेकलेली पेरूची फांदी छाटायची. खरकटं भांडं तर कधीच मागे राहायचं नाही.

मात्र पावडर, फवारा, गोळ्या यांतलं काहीही त्या घरात येत नसे. नवी असताना सुमाने एकदा मुंग्यांसाठी खडू आणला होता. अन्नपूर्णाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, कागदात गुंडाळला, कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकला आणि साबणाने हात धुतले.

"घरात विष बेड," एवढंच त्या म्हणाल्या. बेड, म्हणजे नको. का, ते सांगितलं नाही. सुमाने तो हट्ट समजून सोडून दिला.

यंदा संक्रांतीनंतर मुंग्या आल्या. त्या थंडीत मुंग्या यायचं काही कारण नव्हतं. कपाटाच्या दाराखालून एक काळी रेघ आत गेलेली सुमाने पाहिली. चादरींच्या घडीमागे रुमालात बांधलेली अर्धी चपाती सापडली. सुमाने मुलीला, हर्षिताला, बोलावलं.

"मी नाही ठेवली, अम्मा."

"मग कोणी?"

हर्षिताने खांदे उडवले. ती पाचवीत होती आणि खोटं बोलताना तिला हसू यायचं. आता ती हसत नव्हती.

मग चपलांच्या कपाटात गूळ सापडला, बाहुल्यांच्या पेटीत भाताचा वाळलेला गोळा सापडला. सिंकखाली झुरळं दिसू लागली. एका सकाळी डाळीच्या फळीवर उंदराच्या लेंड्या होत्या. अन्नपूर्णाबाई केरसुणी घेऊन दिवसभर घर झाडत राहिल्या आणि शेवटी सुमासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डबे नीट लावत नाहीस तू. इतकी वर्षं मी हे घर सांभाळलं."

सुमा शाळेत शिकवून, बस पकडून, नुकतीच दारात आली होती. "अत्ते, डबे मी लावते तसेच आहेत. कोणीतरी अन्न लपवून ठेवतंय," ती म्हणाली. आवाज चढला होता. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग केरसुणी घेऊन आत गेल्या. त्यांना काही आठवत नसावं, असं सुमाला तेव्हा वाटलंही नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा लवकर सुटली. सुमा घरी आली तर अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी चपातीवर गूळ ठेवला, तिची गुंडाळी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून गॅसच्या सिलिंडरमागे सरकवली. इतक्या जपून, की जणू झोपलेल्या मुलाला खाली ठेवत होत्या.

"अत्ते, हे काय?"

त्या दचकल्या. "सुम्ने," म्हणाल्या. उगीच.

"कोणासाठी ठेवलंत?"

त्या पदराने हात पुसत राहिल्या. सुमाचा राग तिथेच ओसरला. त्या जागी भीती आली.

रविकिरण, तिचा नवरा, आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी अन्नपूर्णाबाईंना काही प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. स्मरणशक्ती जात चालली आहे, हळूहळू वाढत जाईल, हे त्यांनी रविकिरणला बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर त्याने ते वडिलांना सांगितलं. सुब्बराव खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते उठले आणि लसूण सोलत असलेल्या पत्नीशेजारी जाऊन बसले. त्यांनीही एक गड्डा उचलला.

उंदीर मात्र थांबला नाही. त्याने फ्रिजची वायर कुरतडली, हर्षिताच्या शाळेच्या बुटाचं टोक खाल्लं. रविकिरण बेळगोळच्या कारखान्यात पाळीवर जायचा, झोप अपुरी, त्यात हे. एका शनिवारी तो मंडी मोहल्ल्यातून उंदीर मारायची वडी घेऊन आला.

"अत्तेंना चालणार नाही," सुमा म्हणाली.

"अम्माला आता कळणार आहे का? फ्रिजमागे ठेवू. दोन दिवसांत संपेल सगळं."

सुमाही थकली होती. रोज कोपरे शोधायचे, रोज पुसायचं. तिने हो म्हटलं. हर्षिताला त्यांनी फ्रिजमागे हात घालू नकोस म्हणून बजावलं, आणि अन्नपूर्णाबाईंना काहीच सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी सुमा फाटकातून आत येत होती तोच हर्षिताचं रडणं ऐकू आलं. "अम्मा, अज्जी मला सोडत नाही."

अन्नपूर्णाबाई फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. एका हाताने त्यांनी नातीचं मनगट धरलं होतं, ते लाल झालं होतं. दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली होती, बोटांच्या फटीतून वडीचा निळा चुरा सांडत होता.

"थूक," त्या म्हणत होत्या. "आधी थूक. तोंड उघड, दाखव."

"मी काही नाही खाल्लं, अज्जी."

"थूक म्हणते ना."

सुमा गुडघ्यांवर बसली. तिने सासूबाईंची मूठ एकेक बोट करून उघडली, वडी काढून घेतली, दोघींचे हात साबणाने धुतले, दोघींची तोंडं उघडून पाहिली. काही दिसलं नाही, पण खात्री कशी होणार. सुब्बराव मागच्या खोलीत आडवे झाले होते, ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. तिने त्यांना उठवलं, रिक्षा बोलावली आणि दोघींना घेऊन ते दवाखान्यात गेले. रविकिरण कारखान्यातून परस्पर तिथे पोचला.

कोणाच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. तरी थोडा वेळ थांबा, म्हणून डॉक्टरांनी बसवून ठेवलं. हर्षिता आणि अन्नपूर्णाबाई आत एकाच खाटेवर बसल्या होत्या, नातीचं मनगट अजून आजीच्या हातात होतं. बाहेरच्या बाकावर सुब्बराव मुलाशेजारी बसले. मग म्हणाले, "तिला एक भाऊ होता. अरुण."

रविकिरणने मान वळवली. "अम्माला भाऊ होता?"

"लहान. मंडी मोहल्ल्यात त्यांचं घर होतं, घरातच रंगाईचं काम. धुतलेल्या, खळ दिलेल्या कापडाचे गठ्ठे घरातच पडायचे. खळीच्या वासाने उंदीर यायचे आणि एका रात्रीत माल फाडायचे. तुझ्या आज्जीने मग कणकेत गूळ आणि विष कालवलं, गोळ्या केल्या, गठ्ठ्यांमागे ठेवल्या." ते थांबले. "घरातले सगळे नदीवर कापड धुवायला गेले होते. अन्नपूर्णा हर्षिताएवढी असेल. अरुणला जेवायला वाढ, म्हणून तिला सांगून गेले होते. ती बाहेर खेळत राहिली. पोराला भूक लागली. गोड वास आला त्याला."

आतून नर्सचा आवाज येत होता.

"लग्नानंतर तिने मला एकदा सांगितलं. परत कधी विचारू नका म्हणाली. मी विचारलं नाही. तुलाही सांगितलं नाही, रवी."

"म्हणून ती विष घरात येऊ देत नव्हती," रविकिरण म्हणाला. "आणि मी ते आणून ठेवलं."

"तुला कुठे ठाऊक होतं."

सुमा भिंतीला टेकून उभी होती. सिलिंडरमागची ती चपाती तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि सासूबाईंचे वाकलेले हात. ती सासऱ्यांना हळू म्हणाली, "मामा, त्या जेवण अरुणसाठी ठेवतात. त्याला भूक लागली तर आधी ते सापडावं म्हणून."

सुब्बरावांनी चष्मा काढला आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना वेळ लागला.

घरी आल्यावर रविकिरणने फ्रिज ओढून मागची जमीन घासून धुतली. पिंजरा आणला, त्यात खोबऱ्याचा तुकडा लावला. उंदीर सापडला तेव्हा तो गाडीवरून नेऊन दूर माळावर सोडून आला. मोरीची जाळी एका कोपऱ्यात गंजून तुटली होती, उंदीर तिथूनच आला होता. दर थंडीत अन्नपूर्णाबाई ती बघायच्या. या वर्षी त्या विसरल्या, आणि बाकी कोणाला ते काम आहे हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाक झाल्यावर सुमाने एक लहान स्टीलचा डबा काढला, घट्ट झाकणाचा. तो सासूबाईंपुढे ठेवला.

"अत्ते, अरुणचं काढून ठेवा."

अन्नपूर्णाबाईंनी झटकन वर पाहिलं. हे नाव त्या घरात कोणी उच्चारलेलं नव्हतं.

"त्याला भूक आवरत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर. खालच्या फळीवर ठेवू, त्याचा हात पोचेल असं."

त्यांनी चपाती घेतली, गूळ घेतला, थोडा विचार करून भातही घेतला. झाकण लावलं, दाबून पाहिलं. डबा फळीवर ठेवून पुन्हा दोनदा जाऊन पाहून आल्या.

त्याने सगळं थांबलं असं नाही. उशीखाली लाडू सापडायचा, देवघरात केळं. सुमा शाळेतून आली की कोपरे बघायची, आता न रागावता. पण लपवणं कमी झालं आणि मुंग्यांची रेघ बारीक होत होत नाहीशी झाली. युगादीच्या आधी सुमाने धान्य गच्चीवर नेलं. अन्नपूर्णाबाईंना दिवस कोणता ते सांगता येत नव्हतं, पण डाळ मुठीत घेऊन त्या म्हणाल्या, "अजून गरम आहे, भरू नको." पावसाच्या आधी रविकिरणने सुट्टी घेऊन फटी लिंपल्या. कोठीच्या खोलीची चौकट वाजवून बघताना अन्नपूर्णाबाईंचं बोट एका जागी थांबलं. सुताराने तिथे खरवडलं तेव्हा आतलं लाकूड मातीसारखं गळून पडलं. तेवढी एक चौकट बदलावी लागली. बाकीच्या वाचल्या.

दसऱ्याच्या आधी त्यांनी सुमाला नावाने हाक मारणं थांबवलं. कधी जानकी म्हणत, कधी नुसतं "अगं". सुब्बरावांना मात्र त्या ओळखत, आणि ते उठून गेले की लगेच शोधायला लागत.

गोंबे मांडायच्या आदल्या दिवशी सुमा आणि हर्षिता पेट्या उघडून वेखंड बदलत होत्या. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून तो डबा घेऊन आल्या, चटईवर बसल्या आणि झाकण उघडलं.

"अरुण, ये," त्यांनी हर्षिताकडे पाहून म्हटलं. "जेवून घे आधी."

हर्षिताने आईकडे पाहिलं. तिला आता सगळं माहीत होतं. सुमाने मान हलवली. हर्षिताने हातातली बाहुली ठेवली आणि आजीसमोर मांडी घालून बसली. अन्नपूर्णाबाईंनी गुळाची चपाती मोडून तिला एकेक घास भरवला. मध्ये थांबून पाणी दिलं. शेवटचा घास गिळेपर्यंत त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"पोट भरलं?"

"भरलं," हर्षिता म्हणाली.

त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं, रिकामा डबा बाजूला सारला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांना झोप लागली. सुमाने हर्षिताला हळू बोलायची खूण केली आणि दोघींनी पुढची पेटी उघडली.