दहा सेकंदांची चढण

प्रयोगशाळेत मी माश्या सांभाळतो. पिकल्या फळांवर बसतात त्या बारीक माश्या. नळी गादीवर आपटली की त्या तळाशी पडतात आणि लगेच वर चढू लागतात. दहा सेकंदांत किती जणी रेघ ओलांडतात ते मी मोजतो. मेंदू झिजत चाललेल्या मागे राहतात. त्यांच्या नळीला लाल चिठ्ठी असते.

आमची ही गेली. महिन्याने मी कामावर परतलो, तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडम लाल चिठ्ठीवाल्यांना नवं औषध देऊ लागल्या होत्या. दीड महिन्यात आकडे वाढले.

"काका, औषध लागू पडलं! आजारी माश्या धडधाकटांच्या नाकावर टिच्चून चढतायत. काय खाऊ घालता हो?"

"तेच मक्याचं पीठ. माझ्या हातचं हिने तरी कधी नावाजलं?"

मग मॅडमनी त्यांचे मेंदू काढून रंगवले. मला पडद्यासमोर बोलावलं. हिरव्या रंगात काळी भोकं, चाळणीसारखी.

"मेंदू असा, आणि चढतात तशा? परवा अहवाल पाठवायचाय. काही कळत नाही."

मला कळलं होतं.

"मॅडम, तो औषधाचा गुण नाही. लाल चिठ्ठीची नळी मी हळू आपटत होतो. निम्म्या खाली पडतच नव्हत्या."

"का पण?"

हिला कंपवात होता. घराला आठ पायऱ्या. मी खालून ओरडायचो, "चढ की गं, किती वेळ!" एकदा म्हणाली, "अहो, पाय ऐकत नाहीत. तुम्ही तरी ऐका." तरी मी ओरडायचा थांबलो नाही. एवढं सांगितलं.

मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. "दीड महिना पाण्यात, काका."

"मी भांडी धुतो. मोजायला दुसरं कुणी बघा."

"तुमच्यासारखं मोजणारं मिळायचं नाही. चिठ्ठ्या मी झाकते. कुठली नळी कुणाची, तुम्हाला कळणारच नाही. अहवाल थांबेल. आणि परत असं केलंत तर खरंच भांडी धुवायला लावीन."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांवर पांढरा कागद होता. सगळ्या एकाच जोराने आपटल्या. तिसऱ्या नळीत एक माशी तळाशीच राहिली. दहा सेकंद झाले, आकडा लिहिला. नळी लगेच जागेवर ठेवायची असते. ती माशी वर पोचेपर्यंत मी नळी हातात धरून बसलो.